कंसातला दोन

पालखी मुक्कामाला असताना भवानी पेठेतून बाणेरला ऑफिसला निघणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर घरी भांडून निघालेला. आम्ही गाड्या आदल्या रात्रीच नणंदेच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत नेऊन लावतो, आमचं पार्किंग धुऊन घेतो आणि तिथे दरवर्षीची दिंडी उतरते. माउलींच्या सोहळ्यातली, परभणीकडची. पुरुषमंडळी खाली पार्किंगमध्ये, बायका वरच्या मजल्यांवर ज्याच्या त्याच्या घरात. पालखी विठोबाचं देऊळ चालत चार मिनिटांवर असल्यामुळे त्या दोन दिवसांत गल्लीतून कोपऱ्यावर जायचं तरी अर्धा तास धरावा लागतो.

२०२४ साली पालख्या पुण्यात आल्या रविवारी, ३० जूनला. सोमवार मुक्कामाचा. मंगळवारी पहाटे माउली दिवे घाटातून सासवडला आणि तुकोबा लोणी काळभोरला निघणार. आमच्या क्लायंटने बाणेर ऑफिसच्या लोकांना सोमवार-मंगळवार घरूनच काम करायला सांगितलं होतं. मीही घरी. दुपारी सासूबाईंना पंगत वाढायला मदत करायची असं त्यांना शब्द देऊन ठेवला होता.

हा क्लायंट म्हणजे गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. कारखाने चाकण आणि रांजणगावला. त्यांच्याकडे मी ‘आयडेंटिटी’ बघते. नातेवाइकांना मी सांगते की दारावरचा वॉचमन असतो ना, तसं माझं काम. रजेचा अर्ज, ईआरपी, व्हेंडरांचं पोर्टल, घरून जोडणारं व्हीपीएन, कारखान्यातल्या टॅबलेटवरचं उत्पादन नोंदवायचं ॲप, या सगळ्यांचं लॉगिन एकाच ठिकाणी होतं. त्या ठिकाणाचं नाव कीक्लोक. ओपन सोर्स आहे, भक्कम आहे, आणि दार एकच असल्यामुळे ते अडकलं की अख्खा वाडा बाहेर उभा राहतो.

शनिवारी रात्री आम्ही कीक्लोक २२ वरून २४ वर नेलं होतं. तारीख मीच मंजूर केली होती. चेंज कॅलेंडर बघितलं, कालनिर्णय बघितलं नाही. रविवारी सुट्टी, सगळं शांत, मी खुशीत.

सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या टीममधल्या पोराचा फोन. बार्शीचा आहे, वाकडला पीजीत राहतो, मला ताई म्हणतो. “ताई, लॉगिन नुसतं फिरतंय. पासवर्ड टाकला की चाळीस-चाळीस सेकंद.”

दोन नोड होते आमचे, म्हणजे कीक्लोक चालवणारी दोन मशिनं, प्रत्येकी चार कोअर. कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी टॉप कमांड लावून बघितलं तर जावाची प्रोसेस ३९० टक्क्यांवर, दोन्हीकडे. एका कोअरचे शंभर, म्हणजे चारशेपैकी तीनशे नव्वद. काही सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप घेतले, म्हणजे प्रोसेसमधला प्रत्येक थ्रेड त्या क्षणी काय करतोय त्याच्या नोंदी. काम करणारा जो तो थ्रेड एकाच ठिकाणी उभा: पीबीकेडीएफ-टू, पासवर्ड हॅश.

हे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं यावरून आहे. पासवर्ड कुणी शहाणा माणूस तसाच साठवत नाही. तो चरकात घातल्यासारखा पुन्हा पुन्हा पिळतात आणि उरतो तो चोथा ठेवतात. चोथ्यावरून ऊस परत करता येत नाही. माणूस लॉगिन करतो तेव्हा त्याने टाकलेला पासवर्ड तितकेच वेळा पिळून चोथा जुळतो का बघायचा. हे पिळणं मुद्दाम वेळखाऊ ठेवलेलं असतं, म्हणजे चोराला अंदाजाने एकेक पासवर्ड करून बघणं परवडू नये. कीक्लोकमध्ये आधी मुळात हे २७,५०० वेळा व्हायचं. २४ व्या आवृत्तीत, ओवास्प या सुरक्षा संस्थेच्या शिफारशीप्रमाणे, वेगळ्या हॅशने २,१०,००० वेळा. शिवाय जुना चोथा असलेल्या माणसाचं पहिलं लॉगिन म्हणजे दोनदा काम: आधी जुन्या पद्धतीने तपासायचं, बरोबर निघालं की नव्या पद्धतीने पिळून नवा चोथा ठेवायचा.

आणि शनिवारच्या अपग्रेडमध्ये सगळी सेशन्स, म्हणजे कोण कोण आत आहे याच्या नोंदी, गेली होती. तेव्हा ती फक्त मेमरीत राहायची. म्हणजे सोमवारी सकाळी नऊला प्रत्येक माणूस नव्याने पासवर्ड टाकणार, प्रत्येकाचं दुहेरी पिळणं होणार, आणि सगळे घरी असल्यामुळे व्हीपीएनसाठी सगळे एकदम टाकणार. रिलीज नोट्समध्ये हे सगळं लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. वाचणं आणि सोमवार सकाळ डोळ्यांसमोर उभी करणं यात फरक पडतो.

साडेदहाच्या कॉलवर क्लायंटचे आयटीप्रमुख म्हणाले, “मॅडम, तो दोन लाखांचा आकडा तात्पुरता खाली आणा ना.” सल्ला ऐकायला सोपा होता. पण आकडा बदलला की ज्यांचा नवा चोथा झालाय त्यांचं पुढच्या लॉगिनला पुन्हा पिळणं. भार कमी करायला भार वाढवायचा. शिवाय तो आकडा कुणीतरी विचार करून ठेवलाय, मी एका सकाळच्या घाईत तो मोडणार नाही असं मी म्हटलं, थोडं चढ्या आवाजात. बाहेर ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ एवढं दणदणत होतं की चढा आवाज काढल्याशिवाय इलाजही नव्हता.

मग सगळ्यांना सुचतं तेच सुचलं: मशिनं वाढवा. आहेत त्यांचे कोअर वाढवता येत नव्हते, ती ज्या मोठ्या सर्व्हरवर म्हणजे होस्टवर होती तो भरलेला. व्हर्च्युअलायझेशनच्या लोकांनी नव्या होस्टवर दोन मशिनं पाऊण तासात उभी करून दिली. त्यांच्या मेलमध्ये आयपी पत्ते होते, चार-चार आकड्यांचे. जुन्या दोघांचा तिसरा आकडा दहा, नव्या दोघांचा चाळीस. मी तो मेल वाचला, पत्ते कॉपी केले आणि पुढे गेले. त्या चाळीसवर नजर अडकली असती तर पुढचे सोळा तास वाचले असते.

पोराने नव्या मशिनांवर कीक्लोक चढवलं, जुन्यांचीच कॉन्फिगरेशन फाइल उचलून ठेवली. अकरा पन्नासला तिसरा आणि चौथा नोड, येणारी गर्दी नोडांत वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरच्या मागे आले. सीपीयू उतरायला लागला. ग्रुपवर अंगठे आले. मी चहा टाकायला उठले, तोवर पोस्टग्रेसच्या, म्हणजे कीक्लोकच्या मागच्या डेटाबेसच्या, लॉगमध्ये ती ओळ: ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी.’

हा दोष साध्या बेरजेचा. पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शन देतं, त्यातली तीन स्वतःच्या सुपरयूजरसाठी राखून. आमच्या दोन नोडना प्रत्येकी ४५ कनेक्शनचा पूल, म्हणजे नव्वद. बसत होतं. चार नोड झाले की एकशेऐंशी. पूल काही सगळे एकदम उघडत नाही, भार चढेल तसा उघडतो, म्हणून पहिली दहा मिनिटं सगळं गोड दिसलं. पोस्टग्रेसची मर्यादा वाढवायची तर तो रिस्टार्ट करावा लागतो आणि त्यावर ईआरपीचाही एक डेटाबेस होता, तिथे हात लावायचा प्रश्नच नव्हता. नवे दोन नोड बाहेर काढले, चौघांचे पूल वीस-वीसचे केले. जुन्या दोघांना त्यासाठी रिस्टार्ट लागणार होता. तो जेवणाच्या वेळेत एकेक करून केला: पहिला बंद, दुसरा सांभाळतोय, पहिला आला की दुसरा बंद. आमच्या त्या आवृत्तीत कीक्लोक मुळातच प्रत्येक सेशनच्या दोन प्रती वेगवेगळ्या नोडवर ठेवायचं, त्यामुळे एकेक उठवलं तर कुणी बाहेर फेकलं जात नाही. आणि झालंही तसंच.

सव्वा वाजता चारही नोड पुन्हा लोड बॅलन्सरच्या मागे आणले. नोड एकमेकांना ओळखून एक गट झाले की त्याला क्लस्टर म्हणतात, आणि गटात कोण कोण आहे ती यादी म्हणजे व्ह्यू. या वेळी मी पोराला विचारलं, “क्लस्टर झालाय ना? लॉगमध्ये व्ह्यू बघ.”

“हो ताई, दोन दिसतायत.”

मी ऐकलं ‘दोन्ही दिसतायत’. नवे दोन, म्हणजे दोन्ही आले, छान. आणि मी कमरेला पदर खोचून खाली पंगतीत वाढायला गेले. पिठलं, भाकरी, ठेचा. दुसऱ्या ओळीपर्यंत पोचले असेन, तेवढ्यात कमरेचा फोन थरथरायला लागला आणि थांबेना.

तक्रारी विचित्र होत्या. सकाळी सगळ्यांचंच हळू होतं, आता काहींचं अगदी झटपट होत होतं आणि काहींचं होतच नव्हतं. पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, क्षणभर ॲप उघडल्यासारखं व्हायचं आणि परत लॉगिनचं पान. जे सकाळपासून आत होते, नीट काम करत होते, तेही अधूनमधून बाहेर पडत होते. चाकणहून एका सुपरवायझरने पाठवलेला व्हॉइस मेसेज मी इथे लिहीत नाही.

पोळ्यांच्या हिशेबाची वही समोर होती. मागच्या पानावर रेघ मारली, एकीकडे ‘झालं’, एकीकडे ‘नाही’, आणि स्वतः वीसदा लॉगिन केलं. अकरा झालं, नऊ नाही. नाणं उडवल्यासारखं. जिथे निम्मं होतं आणि निम्मं होत नाही तिथे बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात आणि आपण त्यांना एक समजत असतो, एवढं मला पंधरा वर्षांत कळलं आहे. कुठल्या दोन, ते त्या वेळी कळत नव्हतं.

ब्राउझरचं गणित मला माहीत होतं. लोड बॅलन्सर कुकी लावतो, त्यामुळे एकदा तिसऱ्या नोडकडे गेलेला ब्राउझर तिसऱ्याकडेच जात राहतो. तिथे गडबड नव्हती. पण लॉगिन झाल्यावर कीक्लोक ब्राउझरच्या हातात एक कोड देतं, ब्राउझर तो ॲपला नेऊन देतो, आणि ॲपचा सर्व्हर तो कोड घेऊन मागच्या दाराने स्वतः कीक्लोककडे येतो: हा घ्या कोड, मला टोकन द्या. मागच्या दाराने येणाऱ्या सर्व्हरकडे ब्राउझरची कुकी नसते. त्याला लोड बॅलन्सर चौघांपैकी कुणाकडेही पाठवतो. चौघांना एकमेकांची सेशन्स माहीत असतील तर काही बिघडत नाही. लॉगमध्ये ओळींवर ओळी होत्या: कोड टू टोकन एरर, इनव्हॅलिड कोड. कोड एकाने दिला होता, विचारणा दुसऱ्याकडे होत होती, आणि दुसरा म्हणत होता, मी हा कोड बघितलेलाच नाही. आत असलेल्यांचंही तेच. ॲक्सेस टोकन मुळात पाच मिनिटांचं. दर पाच मिनिटांनी ॲप ते नवं करायला मागच्या दारी येणार, आणि दर वेळी निम्मी शक्यता की समोरचा म्हणणार, हे सेशन चालू नाही.

“व्ह्यूची ओळ मला जशीच्या तशी पाठव,” मी पोराला म्हटलं. “चारही नोडवरची.”

चार ओळी आल्या. इन्फिनिस्पॅन म्हणजे कीक्लोकच्या पोटातली, सेशन्स नोडांत वाटून ठेवणारी लायब्ररी. तिची नेहमीची ओळ असते, ‘रिसीव्ह्ड न्यू क्लस्टर व्ह्यू’, त्यापुढे चौकोनी कंसात म्होरक्याचं नाव, उभी रेघ, एक आकडा. मग गोल कंसात सभासद किती ते. मग चौकोनी कंसात सगळ्यांची नावं. चारही ओळींत गोल कंसात दोन. पहिल्या आणि दुसऱ्या नोडच्या ओळींत नावं: पहिला, दुसरा. तिसऱ्या आणि चौथ्याच्या ओळींत: तिसरा, चौथा.

पोरगं खोटं बोललं नव्हतं. दोन दिसत होते. चार दिसायला हवे होते.

नवे दोघे एकाच चाळीसच्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या एका वेगळ्या कप्प्यात, होते म्हणून ते एकमेकांना सापडले. जुने दोघे दहाच्या व्हीलॅनवर एकमेकांना आधीपासून सापडलेले. आमच्या आवृत्तीत नोड एकमेकांना मल्टिकास्टने शोधतात, म्हणजे खोलीत उभं राहून ‘कोणी आहे का?’ असं ओरडतात. ओरडणं भिंतीपलीकडे जात नाही. दोन खोल्यांत दोन-दोन जण ‘आम्ही सगळे आहोत’ असं समजून बसले होते, डेटाबेस मात्र चौघांचा एकच. लोड बॅलन्सरची आरोग्यतपासणी चौघांनाही ‘रेडी’ म्हणत होती, कारण ती विचारते एवढंच की डेटाबेसपर्यंत हात पोचतो का. शेजारी कोण आहे, हे ती विचारत नाही.

नवे दोन पुन्हा बाहेर काढले. पाच मिनिटांत तक्रारी थांबल्या. दुपारचे तीन वाजले होते, सकाळची झुंबड ओसरली होती, दोन नोड कुरकुरत का होईना सांभाळत होते. पण एसएसओ सेशनची, म्हणजे एकदा केलेल्या लॉगिनची, कमाल मुदत दहा तास. मंगळवारी सकाळी नऊला सगळे पुन्हा दारात.

नेटवर्कला फोन केला. तिथे एक वयस्कर गृहस्थ आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. “दोन व्हीलॅनमध्ये मल्टिकास्ट?” काका म्हणाले. “अगं, आमच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही.” ‘इतर’ या सदरात तिकीट टाकायला सांगितलं. टाकलं. नवी मशिनं दहाच्या व्हीलॅनवर आणता येतील का, तर त्या होस्टला तो व्हीलॅन ओढलेला नाही, बुधवारनंतर बघू.

मग मी स्वतःला हुशार समजून पाऊण तास घालवला. कीक्लोकला एक पर्याय देता येतो, कॅश स्टॅक टीसीपी. यूडीपी आणि टीसीपी या नेटवर्कवर बोलायच्या दोन पद्धती. मल्टिकास्ट यूडीपीवर चालतं, टीसीपी केलं की सुटलो, असा माझा सरळ हिशेब. टेस्टची दोन मशिनं घेतली, एक दहात, एक चाळीसात, पर्याय लावला, उठवली. दोघांच्याही लॉगमध्ये गोल कंसात एक. फायरवॉल बघितली, पोर्ट बघितले, पुन्हा उठवली. एक. शेवटी कागदपत्रांतला तो तक्ता नीट वाचला, तेव्हा दिसलं की टीसीपीच्या स्टॅकमध्ये बोलणं टीसीपीवर होतं, शोधणं मात्र एमपिंगने. आणि एमपिंग म्हणजे पुन्हा मल्टिकास्टच. गप्पा फोनवर मारणार, पण नंबर विचारायला खोलीत ओरडणार. हे असं का ठेवलंय याला इतिहास असेल. मला त्या वेळी इतिहास नको होता.

जेडीबीसी पिंग नावाची एक सोय मात्र होती. तिच्यात कुणी ओरडत नाही. आमच्या सोसायटीच्या गेटवर रजिस्टर असतं तसं डेटाबेसमध्ये एक टेबल असतं, जेग्रुप्सपिंग. उठणारा प्रत्येक नोड त्यात स्वतःचा पत्ता लिहितो आणि आधी कोण आलंय ते वाचून त्यांच्याशी थेट जोडतो. डेटाबेस चौघांचा सामाईक होताच. आमच्या आवृत्तीत हे तयार मिळत नव्हतं, स्वतःची एक्सएमएल फाइल लिहावी लागत होती. ती लिहिली. काकांना सांगितलं, दोन व्हीलॅनमध्ये टीसीपीचे दोन पोर्ट उघडा, ७८०० आणि नोड पडला का ते ओळखायला ५७८००. “हे आहे फॉर्ममध्ये,” काका म्हणाले आणि अर्ध्या तासात उघडून दिले. साडेआठला टेस्टच्या दोन्ही मशिनांवर गोल कंसात दोन, आणि या वेळी मी नावं वाचली.

अडचण एकच उरली. दुपारी एकेक करून उठवलं होतं तसं आता चालणार नव्हतं. नव्या पद्धतीने उठलेला नोड रजिस्टरमध्ये बघणार, जुन्या पद्धतीने बसलेला खोलीत ओरडत राहणार. दोघे भेटणारच नाहीत. चौघांना एकदम बंद करून एकदम उठवायला हवं होतं, आणि तसं केलं की मेमरीतली सगळी सेशन्स जाणार. ऑफिसचे लोक झोपलेले असतील, पण चाकणला तिसरी पाळी चालू असते. तिथले ऑपरेटर टॅबलेटवर आत असतात आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना स्वतःचा पासवर्ड आठवत नाही. तो सुपरवायझरच्या लॉकरमधल्या कागदावर असतो. त्या कागदाबद्दल मी वेगळं भांडण केलेलं आहे, ते इथे नको.

आयटीप्रमुखांशी बोलले. ते म्हणाले, “तीन वाजता त्यांची जेवणाची सुट्टी असते. मी सुपरवायझरला सांगतो. पण मॅडम, तीन म्हणजे तीन.”

घरात दोन्ही खोल्यांत मिळून चौदा बायका झोपल्या होत्या. स्वयंपाकघरात सासूबाई सकाळच्या शिदोरीच्या दशम्या लाटत होत्या. मी लॅपटॉप घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. पावणेअकरा झाले असतील. समोर पार्किंगमध्ये सतरंज्यांवर माणसं आडवी झाली होती आणि खांबाशी एक बुवा वीणा घेऊन बसले होते. दरवर्षी येतात, मला ओळखतात.

“सूनबाई, काय अडलंय?” त्यांनी विचारलं. “दुपारी वाढता वाढता पळालात.”

खरं सांगते, मी फार काही समजावून सांगायच्या मनःस्थितीत नव्हते. चार यंत्रं आहेत, चौघांनी मिळून एक काम करायचं, पण दोघं एकीकडे आणि दोघं दुसरीकडे पडली, दोन्हीकडच्यांना वाटतं आपण पुरते आहोत, असं काहीतरी बोलले.

बुवांनी थोडा वेळ विचार केला. “मग दोन वीणे झाले म्हणा की,” ते म्हणाले. “दिंडीत वीणा एकच असतो. दोन दिसले की दिंड्या दोन.” आणि एवढं बोलून ते शेजारच्याला तंबाखू मागायला वळले.

मी स्क्रीनवरच्या त्या चार ओळींकडे पुन्हा बघितलं. पहिल्या चौकोनी कंसातलं नाव, म्होरक्याचं. दोन ओळींत पहिला नोड, दोन ओळींत तिसरा. मी दिवसभर सभासदांचे आकडे मोजत होते. म्होरके दोन आहेत हे ओळीच्या सुरुवातीलाच लिहिलेलं होतं.

पहाटे तीनला आमच्या गल्लीत रात्र नसते. टँकरपाशी आंघोळी चालू, ट्रकवर वळकट्या चढतायत, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय. फोनवर पोरगं होतं, एका कानात ते, दुसऱ्या कानात टाळ. तीनला दोन मिनिटं असताना सुपरवायझरचा मेसेज आला, ‘बसले सगळे जेवायला’. चारही नोड बंद केले. त्या काही मिनिटांत चाकणपासून रांजणगावपर्यंत कुणालाच कुठलंच दार उघडत नव्हतं. मला दर वेळी पोटात गोळा येतो त्या क्षणी, सवय होत नाही.

पहिला नोड उठवला. रजिस्टरमध्ये एक ओळ. दुसरा. दोन ओळी. तिसरा उठला आणि आठ-दहा सेकंद काहीच हललं नाही. टेबलमध्ये त्याचं नाव आलं होतं, लॉगमध्ये व्ह्यू नव्हता. पोराचा श्वास ऐकू येत होता. मग ओळ पडली. कंसात तीन. त्यामागोमाग चौथा. सात मिनिटं लागली एकूण. कबूल केलेल्यापेक्षा एक जास्त.

चौघांना लोड बॅलन्सरच्या मागे घेतलं आणि वहीच्या त्याच पानावर पुन्हा वीस वेळा लॉगिन केलं. ‘नाही’च्या रकान्यात एकही रेघ नाही. चाकणच्या ऑपरेटरांपैकी तेरा जणांना पासवर्ड आठवला नाही, लॉकर उघडावा लागला.

पाचला दिंडी निघाली. बुवा जाताना सासूबाईंच्या पाया पडले, सासूबाई त्यांच्या. मी पायरीवरून उठले तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या. हडपसरच्या रस्त्याला लागेपर्यंत गर्दी ऐकू येत राहते, मग एकदम थांबते आणि पेठेत नळाचं पाणी पडतंय ते ऐकू येतं.

त्या दिवशी चार मशिनं लागलीच असती का, हे मी नंतर ताडून बघितलं. बहुतेकांचं दुहेरी पिळणं सोमवारीच होऊन गेलेलं होतं, त्यामुळे मंगळवारचा भार तसाही कमी असणार होता. दोन नोडनी कदाचित कण्हत-कुथत निभावलं असतं. आयटीप्रमुखांनी बुधवारी हाच प्रश्न विचारला, दोन मशिनं परत घेऊ का म्हणून. मी सांगितलं, दुहेरी गेलं तरी एकेरी आता दोन लाख दहा हजारांचंच आहे. दिवाळीपर्यंत राहू द्या. आरोग्यतपासणीच्या जोडीला सभासद किती आणि म्होरका कोण हे बघणारी एक छोटी स्क्रिप्ट आम्ही त्याच आठवड्यात लावली. ‘इतर’मधलं मल्टिकास्टचं तिकीट शुक्रवारी परत आलं: गरज सविस्तर नमूद करावी. मी ते बंद केलं.

मंगळवारी सव्वानऊला मी पार्किंग धूत होते. पाइप एका हातात, फोन खांद्याशी दाबलेला.

“ताई, सीपीयू चौघांचाही साठच्या आत आहे. लॉगिन होतायत. क्लस्टरमध्ये चार दिसतायत.”

“नावं वाच,” मी म्हटलं.

त्याने चारही वाचली.